चार पायांचं यंत्र आणि दोन रुपयांचे तुकोबा

पुस्तकावर टीका करायला व्यासंग लागतो. नाण्यावर टीका करायला बँकेचा कॅश काउंटर पुरतो, म्हणून हे धाडस.

वज्रेश्वरीचे आमचे एक स्नेही नाणी जमवतात. परवा अकलोलीच्या गरम कुंडात पाय सोडून बसलो असता त्यांनी एक सचित्र यादी पुढे केली : इंग्रज लेखकांच्या स्मरणार्थ पाडलेली सोन्याची नाणी. शेक्सपिअर २०१६, जेन ऑस्टिन २०१७, एच. जी. वेल्स २०२१. वर किंमत छापलेली दोन पौंड, आत सोनं बावीस कॅरटचं. छापील किमतीला कोणी देऊ लागला, तर आधी त्याची नाडी पाहावी!

वेल्सच्या नाण्यावर मंगळवाल्यांचं यंत्र आहे. कादंबरीत त्याला पाय तीन, नाण्यावर चार. चित्रकाराचा खुलासा असा, की त्याला काहीतरी नवीन करायचं होतं. माझी बेरीज चुकली की यापुढे मीही हेच सांगणार. त्याआधी २०१३ साली आयर्लंडच्या मध्यवर्ती बँकेने जेम्स जॉइसचं दहा युरोचं चांदीचं नाणं काढलं, तर त्याच्याच वाक्यात एक शब्द जास्तीचा! आमच्याकडे व्हाउचरवर एक शून्य जास्त पडलं तर मेमो मिळतो. तिथे नाणी खपली.

पण चुका माफ. माझी खरी तक्रार निराळीच आहे. ही नाणी डबीत जन्मतात आणि डबीतच म्हातारी होतात. बोट लागलं की भाव उतरतो. पानं न फाडलेल्या पुस्तकाची पूजा करावी, तसला हा लेखकाचा सन्मान.

आपल्याकडे १९९९ साली ज्ञानेश्वर एक रुपयावर आले, २००२ साली तुकोबा दोन रुपयांवर. ज्यांनी आपल्या वाट्याची कर्जखतं इंद्रायणीत सोडली असं सांगतात, त्यांनाच नाण्यावर बसवणं हा सरकारी विनोद खरा. पण ते नाणं फिरलं, भाजीवाल्या बाईच्या कनवटीलासुद्धा गेलं.

देवळाची चिल्लर मोजताना एकदा असाच एक तुकोबा हाती लागला. चेहरा पार झिजलेला. पदरचे दोन रुपये घालून मी तो घेतला. स्नेह्यांना दाखवला तर म्हणाले, "झिजलाय हो. किंमत शून्य!"

मी तो जपून पाकिटाच्या आतल्या कप्प्यात ठेवला. आठ दिवसांनी लक्षात आलं, अरे, ही तर आपलीही डबीच झाली!

तेवढ्यात चहावाला म्हणाला, "साहेब, दोन रुपये सुटे आहेत का?"

दिले. त्याने न बघताच गल्ल्यात टाकले. तुकोबा पुन्हा वारीला निघाले.