प्रागैतिहासिक वर्तमान : ‘द फ्लिन्टस्टोन्स’ या चित्रमालिकेतील काळाची कल्पना

१

अमेरिकेतील एबीसी या दूरचित्रवाणी संस्थेने ३० सप्टेंबर १९६० पासून १ एप्रिल १९६६ पर्यंत ‘द फ्लिन्टस्टोन्स’ ही चित्रमालिका प्रक्षेपित केली. सहा पर्वे आणि १६६ भाग असा तिचा विस्तार आहे. विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा हे तिचे निर्माते. १९५७ साली एमजीएम या चित्रपटसंस्थेने आपला व्यंगचित्रपट विभाग बंद केल्यावर ‘टॉम अँड जेरी’च्या या जनकद्वयाने स्वतःची संस्था उभारली होती. रात्रीच्या मुख्य प्रसारणवेळेत, मुलांबरोबरच प्रौढांनीही पाहावी या हेतूने निर्माण झालेली अर्ध्या तासाची ही पहिली रेखाटलेली मालिका होय. १९६१ साली विनोदी कार्यक्रमांच्या विभागात एमी पारितोषिकासाठी तिचे नामांकन झाले, यावरून तत्कालीन दूरचित्रवाणी-व्यवसायाने तिला केवळ बालरंजनाच्या कोटीत टाकले नव्हते हे उघड आहे.

या मालिकेतील विनोदाचे मूळ कालविपर्यासात आहे, असे सामान्यतः सांगितले जाते. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. डायनोसॉर सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वी नष्ट झाले. आजच्या मानवजातीचे वय सुमारे ३ लक्ष वर्षे आहे. त्यांना एकाच अंगणात नांदविणे हे अज्ञान नव्हे, हे प्रेक्षकही जाणतो आणि लेखकही. भरताने हास्याच्या विभावांत विकृत वेष आणि अलंकार यांची गणना केली आहे. येथे विकृत वेष एखाद्या पात्राने नव्हे, तर अख्ख्या नगराने धारण केला आहे. कातडी, दगड आणि हाडे हा वेष. १९६० च्या सुमाराची अमेरिकन उपनगरी गृहस्थी हे त्या वेषाखालचे शरीर. तेव्हा विचारावयाचा प्रश्न असा की, या शरीराला नेमका हाच वेष का चढविला गेला, आणि त्यामुळे त्या शरीराविषयी कोणते विधान केले गेले?

२

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी ‘द हनीमूनर्स’ या मालिकेकडे वळणे आवश्यक आहे. १९५५-५६ या वर्षात तिचे ३९ भाग सीबीएस संस्थेने प्रक्षेपित केले. फ्लिन्टस्टोन कुटुंबाची घडण या मालिकेवरून झाली हे सर्वमान्य आहे. तापट, बढाईखोर, झटपट श्रीमंतीची स्वप्ने पाहणारा राल्फ क्रॅम्डेन. त्याचा भोळा शेजारी एड नॉर्टन. आणि या दोघांना पुरते ओळखून असलेल्या त्यांच्या बायका, हा चौकोन फ्रेड, बार्नी, विल्मा आणि बेटी यांच्या रूपाने पुन्हा अवतरला. परंतु क्रॅम्डेन हा ब्रुकलिनमधील बसचालक आहे. नॉर्टन शहराच्या गटारांत काम करतो. क्रॅम्डेनचे बिऱ्हाड म्हणजे जवळजवळ उघडी-बोडकी एक खोली. त्या दारिद्र्याला विशिष्ट गाव आहे, विशिष्ट वर्ष आहे, आणि म्हणूनच ते बदलू शकेल अशी आशाही आहे.

फ्रेड फ्लिन्टस्टोन हाही कामगारच. मिस्टर स्लेट याच्या दगडखाणीत तो डायनोसॉररूपी यारी चालवितो. मात्र त्याला स्वतःचे घर आहे, अंगण आहे, मोटार आहे, आणि घरकामाची सर्व उपकरणे आहेत. कामगाराला असे सुखवस्तू जीवन लाभणे ही दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत घडून आलेली गोष्ट होती. मालिका सुरू झाली तेव्हा तिचे वय पुरते दोन दशकांचेही नव्हते. अशी कालपरवाची समाजस्थिती या मालिकेने मानवाच्या आरंभकाळात नेऊन ठेवली. नगराचे नाव बेडरॉक, म्हणजे सर्व मातीच्या तळाशी असलेला कातळ. इंग्रजीत हाच शब्द ‘मूलाधार’ या अर्थानेही रूढ आहे. फ्लिन्ट म्हणजे ठिणगी पाडणारी गार, आणि रबल म्हणजे राडारोडा. एकाच्या नावात त्याचा क्रोध सुचविला आहे, दुसऱ्याच्या नावात त्याचे दुय्यमत्व. माणसांचे स्वभावच जणू भूगर्भात आधी घडले होते!

रोलाँ बार्थ याने १९५७ साली प्रसिद्ध केलेल्या ‘मिथॉलॉजीज’ या ग्रंथात आधुनिक मिथकाचे कार्य विशद केले आहे. इतिहासाने घडविलेली गोष्ट निसर्गसिद्ध म्हणून पुढे ठेवणे हे ते कार्य होय. बेडरॉकला हे विवेचन जसेच्या तसे लागू पडते. पुरुषाने खाणीत जावे, स्त्रीने घर सांभाळावे, हप्त्याने वस्तू आणाव्यात, शेजाऱ्याशी चढाओढ करावी, हे सर्व कालचे नसून सनातन आहे, असे ही मालिका हसतहसत सांगते. २५ डिसेंबर १९६४ रोजी प्रक्षेपित झालेल्या नाताळच्या भागात तर फ्रेड सांताक्लॉज होतो. ज्याचा जन्मोत्सव साजरा होतो तो ख्रिस्त जन्मास येण्यास अजून युगे अवकाश आहे, याची खंत बेडरॉकमध्ये कोणालाही नाही. सणसुद्धा येथे इतिहासाच्या आधीचा आहे.

३

तथापि हे विधान केवळ देखाव्यातून झालेले नाही. मालिकेच्या कथानकरचनेतही ते गोवलेले आहे. कौटुंबिक विनोदी मालिकेत प्रत्येक भागाच्या शेवटी सर्व काही पूर्ववत व्हावे लागते. पुढील आठवड्यात प्रेक्षकाला तेच घर आणि तीच माणसे भेटावयाची असतात. पहिल्याच प्रक्षेपित भागात बार्नी पायांनी चालणारे उड्डाणयंत्र बनवितो. माणूस हवेत उडू लागला ही खरे तर जगाचा इतिहास बदलणारी घटना. पण फ्रेड आणि बार्नी तिचा उपयोग करतात तो ऑपेरा चुकवून गुपचूप बोलिंग खेळावयास जाण्यासाठी. बायकांना लबाडी कळते आणि भाग संपतो. तो शोध बेडरॉकच्या जीवनाला स्पर्शही करीत नाही. पहिल्या पर्वातील पोहण्याच्या तलावाच्या भागात दोन घरांच्या सीमेवर सामाईक तलाव खोदला जातो, मालकीवरून भांडण जुंपते आणि मिटते. त्याच पर्वातील आणखी एका भागात डोक्याला मार बसून फ्रेड एकाएकी सभ्य, सुसंस्कृत, मृदुभाषी होतो. विल्माला जे हवे होते तेच हे. परंतु ते तिला लवकरच असह्य होते आणि मूळच्या आरडाओरडा करणाऱ्या फ्रेडची ती वाट पाहू लागते. सुधारणा शक्य आहे, पण ती कोणालाच नको आहे, असा या भागाचा गर्भितार्थ आहे.

‘प्रागैतिहासिक’ या विशेषणाला येथे वेगळाच अर्थ प्राप्त होतो. बेडरॉक इतिहासपूर्व आहे ते केवळ त्यातील दगडांमुळे नव्हे. ज्यात कोणत्याही घटनेचा परिणाम उरत नाही असा काळ त्याला लाभला आहे म्हणून. अश्मयुग हा या मालिकेचा नुसता पडदा नसून, ती ज्या वाङ्मयप्रकारात मोडते त्याच्या अंतःस्थ काळाचे ते रूपक आहे.

चित्रणाच्या तंत्रानेही याच काळाला हातभार लावला. दूरचित्रवाणीच्या तुटपुंज्या खर्चात दर आठवड्यास अर्धा तास भरावयाचा, म्हणून हॅना-बार्बेरा यांनी हालचालींची चित्रे शक्य तितकी कमी केली. बोलताना बहुधा तोंड तेवढे हलते. फ्रेड घरातून धावू लागला की तीच खिडकी, तोच दिवा आणि तेच आसन त्याच्यामागून पुनःपुन्हा सरकत राहतात. हे काटकसरीचे तंत्र कलादृष्ट्या दरिद्री आहे, हा आक्षेप ‘टॉम अँड जेरी’शी तुलना करता मान्यच करावा लागेल. परंतु धावूनही त्याच खोलीत असणे हे फ्रेडच्या जीवनाचे इतके यथार्थ चित्र आहे, की येथे उणीव हीच अभिव्यक्ती झाली आहे.

४

मालिकेचा आशय एवढाच असता तर ती रूढीची खुशमस्करी ठरली असती. तिला त्याहून वरच्या पायरीवर नेणारे घटक तिच्यातच आहेत. त्यांतील पहिला घटक म्हणजे बेडरॉकची यंत्रे.

बेडरॉकमध्ये वीज नाही, म्हणून प्रत्येक उपकरणाच्या जागी एक प्राणी आहे. ग्रामोफोनच्या सुईऐवजी पक्ष्याची चोच, केर ओढण्याच्या यंत्राऐवजी लहानग्या मॅमथची सोंड, सिंकखाली उष्टे-खरकटे खाऊन टाकणारा डुकरासारखा प्राणी, आणि कॅमेऱ्याच्या पेटीत बसून दगडावर चोचीने चित्र कोरणारा पक्षी. आंरी बर्गसाँने १९०० साली मांडलेल्या हास्यमीमांसेनुसार, सजीवावर यांत्रिकतेचे पुट चढले की हसू येते. बेडरॉकमध्ये हे सूत्र उलटे झाले आहे. येथे यंत्राच्या आत सजीव सापडतो. काम संपताच तो प्राणी प्रेक्षकाकडे वळतो आणि पोटासाठी हे करावेच लागते, अशा अर्थाचा उद्गार काढतो. पात्रे हा उद्गार सहसा ऐकत नाहीत. तो प्रेक्षकासाठीच असतो.

या क्षणी मालिकेच्या सनातनत्वाच्या विधानाला तडा जातो. उपनगरी सुखसोयींचे सौंदर्यच असे की, त्यांमागील श्रम दिसत नाहीत. कळ दाबली की काम होते. ते कोण करतो हे विचारण्याची गरज राहत नाही. बेडरॉकने कळीच्या जागी पाठ, चोच आणि सोंड ठेवल्यामुळे ते श्रम डोळ्यांना दिसू लागतात, आणि श्रमणाऱ्याला तोंडही लाभते. खुद्द फ्रेड खाणीत डायनोसॉरच्या पाठीवर बसून तेच करीत असतो. कामाची वेळ संपली हे कळते तेही एका पक्ष्याची शेपटी ओढून काढलेल्या किंकाळीने. फ्रेड आनंदाने ओरडत घरी निघतो. तो पक्षी तेथेच राहतो. मालक, कामगार आणि जनावर अशी ही उतरंड आहे, आणि तिच्या तळाशी असलेल्यालाच तेवढे वस्तुस्थितीचे भान आहे.

हाच विचार घराच्या आत नेला असता एक विसंवाद जाणवतो. आरंभीच्या पर्वांत विन्स्टन सिगारेटची कंपनी मालिकेची प्रायोजक होती. एका जाहिरातीत विल्मा आणि बेटी घराबाहेर काबाडकष्ट करीत आहेत, आणि ते पाहवत नाही म्हणून फ्रेड व बार्नी घरामागे जाऊन निवांत सिगारेट ओढतात, असे दृश्य आहे. बायकांचे कष्ट येथे दिसतात खरे. परंतु चोचीच्या पक्ष्याला जो उद्गार मिळतो तो त्यांना मिळत नाही. विल्मा चतुर आहे, बहुतेक भागांत ती नवऱ्यावर मातही करते. पण आपल्या कामाविषयी प्रेक्षकाकडे वळून बोलण्याची मुभा तिला नाही. जनावराच्या तोंडून वदविलेले सत्य गृहिणीच्या तोंडी घालण्याइतके धैर्य या मालिकेजवळ नव्हते. तिच्या विनोदाची मर्यादा नेमकी येथे आहे.

५

दुसरा घटक म्हणजे अपत्यजन्म. २२ फेब्रुवारी १९६३ रोजी प्रक्षेपित झालेल्या भागात फ्रेड व विल्मा यांना पेबल्स ही कन्या होते. तिच्या आगमनाची चाहूल आधीच्या भागांतून काही आठवडे लागलेली असते. म्हणजे एका भागातील घटना प्रथमच पुढील भागांपर्यंत टिकून राहते. रुग्णालयात पोहोचण्याची फ्रेड तालीम करतो, हा या प्रसंगातील विनोद मार्मिक आहे. ज्याचे सारे आयुष्य पुनरावृत्तीत गेले, तो माणूस न परतणाऱ्या क्षणाचीसुद्धा पुनरावृत्ती करू पाहतो. अर्थात प्रत्यक्ष वेळ येते तेव्हा तालीम कामास येत नाही. ३ ऑक्टोबर १९६३ च्या भागात रबल दांपत्याला दारात सोडलेले मूल सापडते. या भागातील त्यांच्या अपत्यहीनतेचे दुःख आणि बॅम-बॅमला आपला म्हणविण्यासाठी न्यायालयात करावी लागलेली धडपड, यांत हास्याखाली करुणाचा अंतःप्रवाह आहे. बार्नी हा एरवी केवळ राडारोडा. येथे प्रथमच त्याला स्वतःची अशी व्यथा मिळते.

परंतु बेडरॉकने आत आलेला हा इतिहास लगेच थोपविला. पुढील तीन वर्षांत पेबल्स मोठी होत नाही. ती दोन्ही मुले वयात आलेली दिसावयास १९७१ साली वेगळी मालिका काढावी लागली. दरम्यान सिगारेटची जागा द्राक्षरसाच्या प्रायोजकाने घेतली, आणि नवरा-बायकोच्या प्रौढ कुरबुरीची जागा बाललीलांनी. ऑक्टोबर १९६५ मध्ये गाझू हा परग्रहावरील बुटका अवतरतो. सर्व विश्वाचा नाश करू शकणारे साधन निर्माण केल्याबद्दल त्याला अश्मयुगात हद्दपार केलेले असते. अण्वस्त्रांच्या छायेत जगणाऱ्या प्रेक्षकांपुढे ही कल्पना ठेवली गेली होती. तिच्यातून मालिकेला आपल्याच काळाशी भिडता आले असते. पण गाझूचे काम इच्छा पुरविण्याचे आणि घोटाळे करण्याचे. विनाशाचा शोध लावणारा केवळ जादूगार उरला. मालिकेचा उतार याच सुमारास स्पष्ट होतो, याचे कारण कल्पनांचा तुटवडा हे नव्हे. हाती आलेल्या कल्पनेचा परिणाम भोगण्याची तयारी नसणे, हे त्याचे खरे कारण होय.

६

यावरून ‘द फ्लिन्टस्टोन्स’चे मूल्यमापन दोन टोकांच्या मध्ये करावे लागते. तिला उपनगरी जीवनाचे विडंबन म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. कारण विडंबनाला जी अप्रीती लागते ती तिच्यात नाही. तिला त्या जीवनाची निव्वळ भलामण म्हणणेही अन्यायाचे ठरेल. कारण तिने सुखसोयींच्या पोटातील श्रमिकाला बोलते केले. प्रत्येक भागाच्या अखेरच्या श्रेयनामावलीत फ्रेड आपल्या सुळेदार मांजराला रात्री घराबाहेर ठेवतो. ते जनावर खिडकीतून आत येते, उलट त्यालाच उचलून बाहेर ठेवते आणि दार लावून घेते. मग फ्रेड विल्माच्या नावाने हाका मारीत दार ठोठावीत राहतो. दर आठवड्यास घराचा धनी बाहेर आणि जनावर आत, अशा अवस्थेवर पडदा पडतो. आणि पुढील आठवड्यात फ्रेड पुन्हा घरात असतो. बेडरॉकची व्यवस्था उलटू शकते हे मालिकेला ठाऊक होते. ती उलटल्यावर दुसऱ्या दिवशी काय होते, हे दाखविणे मात्र तिच्या काळाच्या कल्पनेत बसणारे नव्हते.