'आरस्पानी' : एका विशेषणाची चिकित्सा

उत्तरपत्रिका तपासताना व ग्रंथपरीक्षणे वाचताना एक विशेषण आम्हांस वारंवार भेटते. पाणी आरस्पानी, काच आरस्पानी, नायिकेचे सौंदर्य आरस्पानी. आणि आता लेखकाची शैलीही आरस्पानी! या शेवटच्या प्रयोगापाशी आम्ही थबकतो.

आम्ही स्वतः कित्येक वर्षे वर्गात या शब्दाची फोड 'आरसा' आणि 'पाणी' अशी करीत आलो. फोड कानाला गोड, परंतु चुकीची. बडोद्यात राहून ती चूक आमच्या ध्यानी येऊ नये, याचा खेद वाटतो. कारण गुजरातीत संगमरवराला 'आरसपहाण' म्हणतात, आणि शाळेची पायरी बसविणाऱ्या कारागिराच्या तोंडून तो शब्द आम्ही ऐकला होता. 'पहाण' म्हणजे पाषाण. जुन्या मराठीतील 'पाहाण' तोच. 'आरसा' संस्कृत 'आदर्शा'पासून आला. तेव्हा आरसपान म्हणजे आरशासारखा तुकतुकीत दगड, आणि आरस्पानी म्हणजे त्या दगडाचा अथवा त्यासारखा. पाण्याचा येथे संबंध नाही. (फारसी वळणाच्या 'संगमरवरा'तही 'संग' म्हणजे दगडच.)

आता संगमरवरातून काही पलीकडचे दिसत नाही. प्रकाश थोडा आत शिरतो, कॅल्साइटच्या स्फटिकांत विखुरतो आणि परततो. म्हणून तो दगड आतून उजळल्यासारखा भासतो. विमलवसहीची स्थापना १०३१ सालची. आबूवरील त्या देलवाडा मंदिरांतील पातळ कोरलेल्या पाकळ्या ज्यांनी पाहिल्या, त्यांस हे सांगणे नको. गौर कांतीला आरस्पानी म्हणणाऱ्याची नजर अचूक होती. पुढे हा शब्द काचेला व पाण्याला चिकटला, अर्थ सरकला. त्या रूढीशी आमचे भांडण नाही.

शैलीचे मात्र निराळे. गद्यातून पलीकडचा माणूस दिसत असेल, तर 'पारदर्शक' आहे, 'नितळ' आहे. आणि 'नितळ' शब्दात गाळ खाली बसेपर्यंत थांबण्याचे लेखकाचे श्रमही येतात. डोळा पृष्ठभागाच्या झळाळीवरच खिळत असेल, तर खुशाल आरस्पानी म्हणावे. परीक्षकाने दोन्हींसाठी एकच विशेषण वापरले, की आपले काय आवडले हे लेखकाला कळत नाही, आणि परीक्षकालाही ते ठरवावे लागत नाही.

गेल्या सहामाहीत एका मुलीने निबंधात 'आरस्पानी खिडकी' लिहिली. आम्ही गुण कापले नाहीत. समासात एवढेच विचारले : खिडकीतून काय दिसत होते?