मोकळा हात तटस्थ असतो का?

दंडाला पट्टा आवळून, रक्तप्रवाह कमी करून हलका व्यायाम केल्यास मुठीची पकड वाढते का? हे तपासताना कधीकधी एका हाताला पट्टा बांधतात आणि दुसरा, मोकळा हात तुलनेसाठी घेतात. व्यक्ती एकच, म्हणजे आहार, वय, झोप सारे समान. मांडणी आकर्षक, पण सदोष आहे. १८९४ मध्ये येल विद्यापीठात एडवर्ड स्क्रिप्चर व सहकाऱ्यांना आढळले की, एका हाताने मूठ आवळण्याचा सराव केल्यावर दुसऱ्या हाताचीही ताकद वाढते. ताकदीत स्नायूंबरोबर मज्जासंस्थेचाही वाटा असतो. मग दोन्ही हात सारखेच सुधारले, तर ‘पट्टा निरुपयोगी’ असे म्हणता येईल का? नाही. तुलनेला वेगळा गटच हवा: व्यायाम तोच, पट्टा नाही. वर्गात मुलांना या त्रुटीवर विचार करायला लावावे. पट्टा मात्र आवळून पाहू नये.