रेषीय समीकरणांचे अध्यापन : पद्धती आणि अर्थ
(नंदुरबार जिल्ह्याच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना :
महाराष्ट्राच्या इयत्ता दहावीच्या ‘गणित भाग १’ (२०१८) या पाठ्यपुस्तकाचा प्रारंभ दोन चलांतील रेषीय समीकरणांनी होतो. आलेख व क्रेमरची पद्धती आधी येतात. शाब्दिक उदाहरणे प्रकरणाच्या अखेरीस. या क्रमाची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

विवेचन :
क्रेमरची पद्धती सुटसुटीत आहे. सहगुणक निश्चयकात मांडले की उत्तर मिळते. मात्र निश्चयक शून्य आला की सूत्र थांबते आणि त्या शून्याचा अर्थ समीकरणांतच शोधावा लागतो. समजा, नंदुरबारच्या बाजारात एकाने २ किलो मिरची व ३ किलो तूर घेतली. दुसऱ्याने अनुक्रमे ४ व ६ किलो. दुसऱ्याची रक्कम नेमकी दुप्पट असेल, तर त्या व्यवहारातून दरांविषयी नवी माहिती मिळत नाही. दुप्पट नसेल, तर दोघांचे दर सारखे नव्हते किंवा हिशेब चुकला. विक्रेत्याला उमगणारी ही गोष्ट केवळ सूत्र पाठ केलेल्या विद्यार्थ्यास उमगत नाही.

या संदर्भात भास्कराचार्यांचे ‘बीजगणित’ उद्बोधक ठरते. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी नातू चांगदेव याने स्थापिलेल्या मठाचा शिलालेख खानदेशातच, चाळीसगावजवळील पाटणे येथे आहे. ‘बीजगणिता’तील एका उदाहरणात पहिला म्हणतो, शंभर दे, म्हणजे मी तुझ्या दुप्पट धनवान होईन, दुसरा म्हणतो, तू दहा दे, म्हणजे मी तुझ्या सहापट होईन. येथे धने (२क्ष − १००) व (क्ष + १००) अशी मानली की पहिली अट आपोआप पूर्ण होते. दुसरीवरून क्ष = ७० येतो; धने ४० व १७० ठरतात. येथे मांडणी हीच उकल आहे.

चिन्हांना बोलीचा अडसर नसल्याने भिली, पावरी वा मावची बोलणाऱ्या विद्यार्थ्यास सूत्रच सोयीचे, असा युक्तिवाद संभवतो. तो अंशतः खरा आहे. परंतु त्यामुळे हा विद्यार्थी मांडणीपासून, म्हणजे बीजगणिताच्या मूळ कृतीपासूनच, दूर राहतो. पदवी स्तरावर सारणीची कोटी शिकताना ही उणीव उघड होते.

निष्कर्ष :
शाब्दिक उदाहरण आधी, शक्य तेथे विद्यार्थ्याच्या बोलीत चर्चिले जावे. सूत्र त्यानंतर यावे. मूल्यमापनात समीकरणाच्या मांडणीस स्वतंत्र गुण असावेत. अन्यथा उत्तर बरोबर येईल, पण ते कशाचे उत्तर आहे हे विद्यार्थ्यास सांगता येणार नाही.