वीज चौकटीत, घर चौकटीबाहेर

पावसाळी रात्री, विजा चमकत असताना जुन्या इमारतींचे फोटो काढण्याचा नाद मला गेली काही वर्षं आहे. या प्रकाराला चाहते भरपूर. काळाभोर घुमट आणि त्यामागे आभाळ चिरत गेलेली वीज दिसली, की बघणाऱ्याच्या तोंडून ‘वा’ निघतोच, माझ्याही निघतो. पण असे पुष्कळ फोटो पाहिल्यावर आणि काही स्वतः काढल्यावर माझी एक तक्रार तयार झाली आहे. यातल्या बहुतेक फोटोंत इमारत दिसतच नाही.

याचं पहिलं कारण तांत्रिक आहे. वीज बघून बटण दाबायला गेलं तर बहुतेक वेळा उशीर झालेला असतो. म्हणून कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवायचा, शटर वीस-तीस सेकंद उघडं ठेवायचं आणि वाट बघायची. तेवढ्यात वीज चमकली तर ती स्वतःच आपलं चित्र उमटवते. आता वीजही चौकटीत हवी आणि इमारतही, तर वीज इमारतीच्या मागे किंवा वर हवी. मग इमारतीची आपल्याकडची बाजू अंधारातच राहते. उरते ती बाह्यरेषा. चर्च असो, किल्ला असो की बंद पडलेली गिरणी, तिचं काम एकच: विजेला शोभा आणणं.

या प्रकारातला सर्वांत गाजलेला फोटो 11 फेब्रुवारी 2013चा असावा. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी पायउतार होत असल्याचं त्या दिवशी जाहीर केलं आणि संध्याकाळी व्हॅटिकनच्या सेंट पीटर्स बॅसिलिकाच्या घुमटावर वीज पडली. एएफपीचे छायाचित्रकार फिलिपो मोन्तेफोर्ते यांनी ती टिपली. पावसात चिकाटीनं थांबल्याशिवाय असा फोटो मिळत नाही, हे मला अनुभवानं ठाऊक आहे. तरीही तारीख झाकून तो बघावा. उंच घुमटावर वीज पडणं हे भौतिकशास्त्र झालं, नेमकी त्याच दिवशी पडणं हा योगायोग. फोटोनं दोन्ही मिळून एक शकुन तयार केला. मायकेलअँजेलोनं आखलेला तो घुमट तिथे नुसता विजेचं टोक टेकवण्यापुरता उरला आहे.

याच्या उलट उदाहरण 1944चं आहे. एमआयटीतले हॅरॉल्ड एजर्टन यांनी युद्धकाळात रात्रीच्या हवाई टेहळणीसाठी विमानात बसवायचा प्रचंड ताकदीचा फ्लॅश तयार केला होता. त्याच्या उजेडात इंग्लंडमधल्या स्टोनहेंजचा रात्रीचा फोटो निघाला. माणसानं केलेली वीजच ती, पण चौकटीत तिचा मागमूस नाही. दिसतात ते दगड आणि त्यांच्या सावल्या. हेतू युद्धाचा होता, तरी दगडांवर कुठलाही अर्थ लादलेला नाही. उजेड आला, वस्तू दिसली, उजेड गेला.

हा फरक मला पुस्तकातून कळला असं म्हणायला आवडलं असतं. तो कळला पुण्याच्या एका पेठेतल्या तीन मजली वाड्यामुळे. मे महिन्यातला वळीव होता. विजा चमकत असताना गच्चीवर जाण्याचं धाडस मी करत नाही. समोरच्या इमारतीच्या जिन्यात, खिडकीशी कॅमेरा लावला होता. गल्लीतले दिवे गेले आणि मला चक्क आनंद झाला, कारण रस्त्यावरच्या दिव्यांचा पिवळा रंग फोटोभर पसरणार नव्हता. थोड्या वेळानं वाड्याच्या मागे वीज कोसळली. हवा तो फोटो मिळाला.

फक्त दुसऱ्या मजल्याच्या खिडकीत उजेडाची एक वाकडी रेघ उमटली होती. शटर उघडं असताना कुणीतरी बॅटरी घेऊन आत फिरत होतं. घरी येऊन मी ती रेघ पुसून टाकली. वाडा ओसाड झाला, गूढ झाला. फोटोचं कौतुक झालं.

पुढे एक प्रत मी त्या वाड्यात राहणाऱ्या आजींना नेऊन दिली. त्यांनी ती उजेडात धरून पाहिली. “छान आलाय रे. पण आम्ही कुठे आहोत? लाइट गेल्यावर मी बॅटरी घेऊन गळतीखाली बादल्या ठेवत होते.”

मला उत्तर देता आलं नाही. विजेचे हे फोटो जुन्या घरांचा ‘आत्मा’ दाखवतात असं आपण म्हणतो, पण आधी घरातली माणसं बाहेर काढतो. ज्या घरात कुणी राहत नाही असं वाटतं, ते पाडताना बघणाऱ्याला फारसं वाईट वाटत नाही. माझ्या फोटोनं तो वाडा थोडासा आधीच पाडला होता.

त्याच रात्रीचा आणखी एक फोटो मी नापास केला होता. वीज माझ्या पाठीमागे चमकली होती, चौकटीत आलीच नव्हती. तो पुन्हा काढून पाहिला. दिंडी दरवाजा, कोरीव सज्जा, त्याला दिलेले लाकडी टेकू, भिंतीतून फुटलेला पिंपळ, काढायची राहिलेली धुणी, छपरावरची निळी ताडपत्री, आणि खिडकीतली ती रेघ. नाट्य काहीच नाही. माहिती मात्र भरपूर, आणि बघत राहावं असं पुष्कळ.

तो फोटो आजींना दिला तेव्हा त्यांनी चष्मा लावून आधी छप्पर बघितलं. “ही ताडपत्री कुठे फाटलीय ते नीट दिसतंय बघ. याच्या दोन प्रती दे. एक मालकांना दाखवते.”