परान्न आणि परभाषा

धर्मानंद कोसंबी यांच्या ‘निवेदन’ (१९२४) या आत्मचरित्राची प्रशंसा बहुधा त्यातील ज्ञानतृष्णेसाठी होते. ती यथार्थच आहे. परंतु परप्रांती चाकरी करणाऱ्या आम्हां मंडळींना त्याचे निराळेच मर्म जाणवते. परक्याच्या अन्नावर राहून विद्या संपादणाऱ्या माणसाचा असा अलिप्त आलेख मराठीत विरळा.

गोव्यातील सांखवाळचा हा तरुण १८९९ च्या अखेरीस घर सोडतो आणि पुणे, ग्वाल्हेर करीत काशीस येतो. गंगाधरशास्त्री तैलंगांच्या छायेत व्याकरण आणि अन्नछत्रात भोजन, एवढाच त्याचा संसार. काशीची शोभा शोधणाऱ्या वाचकाची येथे निराशा होईल. पण ती ग्रंथाची उणीव नव्हे. भुकेल्या विद्यार्थ्याला घाटाहून पत्रावळ जवळची असते.

तथापि काशीत तो पुरता परका नव्हताच. दशाश्वमेधाच्या दक्षिणेचा अहिल्याबाई घाट पाहावा. १७८० मध्ये विश्वेश्वराचे मंदिर पुन्हा उभारणाऱ्या अहिल्याबाई होळकरांचे नाव तो धारण करतो. शिंदे, भोसले यांचेही घाट येथे आहेत. दक्षिणेतून आलेल्या ब्राह्मण विद्यार्थ्याला या नगरीत आपली भाषा आणि आपली पंगत लाभे. मात्र त्या पंगतीचे पान जातीवर मांडले जाई. आश्रय उदार खरा, पण त्याचे दार अरुंद होते.

म्हणूनच आमच्या मते ग्रंथाचा उत्कर्ष सिलोनच्या भागात आहे. १९०२ मध्ये कोलंबोच्या विद्योदय विहारात सुमंगल महास्थविरांपाशी पाली शिकताना मराठीचा आधार उरला नाही. तेथील आहार प्रकृतीस मानवला नाही. पण विहाराने या परदेशी तरुणाला श्रामणेर करून आपल्यात घेतले. पाली येथे केवळ पाठाची भाषा न राहता दिनचर्येची झाली. हार्वर्डच्या ग्रंथमालेत १९५० मध्ये, मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ‘विसुद्धिमग्ग’ संपादनाचे मूळ अशा सहवासात आहे.

एक न्यून मात्र सांगितले पाहिजे. मागे ठेवलेली पत्नी आणि तान्ही कन्या यांच्या वाट्याचे दुःख या संयत गद्यात पुरेसे उमटत नाही. या विद्येचे मोल त्यांनीही भरले होते.

बदलीच्या गावी आम्ही प्रथम मराठी मंडळ शोधतो आणि बहुधा तेथेच थांबतो. शेजाऱ्याची भाषा कचेरीपुरती येते, त्याच्या स्वयंपाकघरापर्यंत पोहोचत नाही. आपली पंगत सोडून उठल्याखेरीज परभाषा आपली होत नाही, हे ‘निवेदना’चे सांगणे आम्हांस आजही अवघड वाटते, आणि म्हणूनच ते पुन्हा वाचण्याजोगे आहे.