थायरॉइडच्या गाठींची गुणपद्धती: टायरॅड्सचे चिकित्सक मूल्यमापन

मानेची सोनोग्राफी केली तर अनेक प्रौढांच्या थायरॉइडमध्ये एखादी गाठ दिसते. त्यांपैकी बहुतांश गाठी सौम्य असतात. मग सुईने पेशी काढून तपासायच्या त्या कोणत्या गाठीतून? याचे उत्तर देण्यासाठी अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिओलॉजीने २०१७ मध्ये टायरॅड्स ही गुणपद्धती मांडली.

पद्धतीचे स्वरूप

गाठीची रचना, प्रतिध्वनी, आकार, कडा आणि चमकदार ठिपके या पाच बाबींना गुण दिले जातात. घन गाठीला २, आजूबाजूच्या ग्रंथीपेक्षा काळसर दिसल्यास २, रुंदीपेक्षा उंची जास्त असल्यास ३, अनियमित कडेला २ आणि बारीक चमकदार ठिपक्यांना ३ गुण. बेरीज ३ आल्यास टीआर ३, ४ ते ६ आल्यास टीआर ४, ७ किंवा अधिक आल्यास टीआर ५. सुईतपासणीची मर्यादा अनुक्रमे २.५, १.५ आणि १ सेंमी.

जमेची बाजू

स्पंजासारख्या किंवा निव्वळ द्रवाने भरलेल्या गाठींना सुई टोचणे टळते. अहवालातील ‘संशयास्पद’ या मोघम शब्दाच्या जागी प्रत्येकाला तपासून पाहता येईल अशी बेरीज येते.

मर्यादा

पहिली: ही लक्षणे मुख्यतः पॅपिलरी कर्करोगाची आहेत. फॉलिक्युलर कर्करोगाची गाठ पुष्कळदा घन (२), ग्रंथीइतकीच उजळ (१) आणि गुळगुळीत कडेची (०) असते. बेरीज ३; म्हणजे २ सेंमीची अशी गाठ सुईतपासणीतून सुटते. या कर्करोगाचे निदान आवरण किंवा रक्तवाहिनी भेदली गेली आहे का यावर ठरते. ते सोनोग्राफीत सहसा दिसत नाही, आणि सुईने काढलेल्या पेशींतही कळत नाही.

दुसरी: गुण यंत्र देत नाही, पाहणारा देतो. १.२ सेंमीची घन, काळसर गाठ घ्या, गुण ४. तिच्यातला चमकदार ठिपका एकाला कोलॉइड वाटला तर ती टीआर ४ राहते आणि केवळ देखरेख पुरते. दुसऱ्याला तो कॅल्शियमचा कण वाटला तर गुण ७ होतात आणि सुई टोचली जाते.

तिसरी मर्यादा म्हणून ८ मिमीच्या टीआर ५ गाठीला सुई न टोचण्याच्या नियमाकडे बोट दाखवले जाते. हा आक्षेप मात्र टिकत नाही. दक्षिण कोरियात थायरॉइडची सोनोग्राफी सर्रास होऊ लागल्यावर २०११ मध्ये या कर्करोगाच्या निदानांचे प्रमाण १९९३ च्या १५ पट झाले. मृत्यूचे प्रमाण जवळपास तेवढेच राहिले. सापडलेल्या अनेक छोट्या गाठींनी रुग्णांना कधीच त्रास दिला नसता. शस्त्रक्रियेनंतरच्या आयुष्यभराच्या गोळ्या मात्र खऱ्या होत्या. जपानमधील कुमा रुग्णालय १९९३ पासून निवडक लहान पॅपिलरी कर्करोगांवर शस्त्रक्रियेऐवजी देखरेखीचा पर्याय देत आले आहे. गुण संशय किती हे सांगतात. आकाराची मर्यादा सांगते की तो संशय आत्ताच फेडणे रुग्णाच्या हिताचे आहे का.

निष्कर्ष

टायरॅड्स हे निदान नव्हे, सुई कुठे टोचायची हे ठरवण्याचे साधन आहे. अहवाल वाचताना केवळ शेवटचा आकडा पाहू नका. तो कोणत्या लक्षणांतून आला ते पाहा. मानेतल्या लसिकाग्रंथी, कुटुंबातील कर्करोग आणि पूर्वी घेतलेले किरणोपचार या बेरजेत धरलेले नाहीत. ते तुम्हालाच विचारावे लागतील.